कुट्टन आशारीच्या नावाची पत्रं

तर कुट्टन आशारी ठणठणीत जिवंत होता, हे काल सांगायचं राहिलंच. तो गेल्याची बातमी कतारला पोचली होती, आणि ती पोचवली होती केरळातल्या बेपूरच्या आमच्या जहाज कारखान्याच्या ऑफिसानंच. कशी, ते ऐका. पण आधी सौमिनीचेची, म्हणजे आमची सौमिनीताई, कोण, ते सांगायला हवं.

सौमिनीचेचीनं एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत काढली. 'होडीत मोठ्यानं हसणारा' एवढ्याच पत्त्याचं पाकीट तिनं अर्ध्या तासात मम्मद नावाड्याच्या हातात दिलं होतं, आणि ते निघालंही मम्मदचंच. पत्ता लागत नाही म्हणून आपण एकही पत्र परत धाडलं नाही, हे ती अजून कोणाशीही पैज लावून सांगते. पोस्टात संगणक आले तेव्हा तरणीताठी माणसं बिचकली, ही चष्मा पुसून शिकायला बसली. निवृत्त झाल्यावर कारखान्यानं तिला बोलावून घेतलं आणि जिन्याखालचा मेल सर्व्हर तिच्या ताब्यात दिला.

कुट्टन आशारी तिच्याच वयाचा, लाकडी उरू, म्हणजे गलबतं, बांधणारा थोरला सुतार. कागदावर एक रेघ न ओढता हा माणूस शंभर फुटी गलबत उभं करायचा. पण दोन वर्षं झाली, धक्क्यावर नवं लाकूड पडलं नव्हतं. मग एकदा कतारचे जासिम म्हणून व्यापारी आले. वीस वर्षांमागं कुट्टननं त्यांना उरू बांधून दिला होता. आणखी एक बांधायचा विचार आहे, भावांना विचारून ईमेल करतो, म्हणाले आणि गेले.

तीन महिने झाले. कुट्टन रोज दुपारी यायचा, चेची त्याची ईमेलची पेटी उघडून दाखवायची, आत काही नसायचं. जासिमचं कार्ड कमरेच्या मुंडूबरोबर धुतलं गेलं होतं, त्यामुळे विचारणार तरी कुठं? ओणम झाला की वाकस नि पटाशी शिष्यांना वाटून टाकायच्या आणि कोइंबतूरला मुलीकडे जाऊन राहायचं, असं त्यानं सांगून टाकलं. हे सांगताना तो स्वतःच्या हातांकडे बघत होता.

एका दुपारी केळ्याची भजी खाता खाता तो सहज बोलून गेला. ''मीच तर त्यांना सांगितलं होतं, कारखान्याच्या पत्त्यावर कुट्टन म्हणून धाडा.''

चेचीचा चहाचा ग्लास ओठांशीच थांबला. पगारपत्रकात हा ए. के. शंकरन, पेटीही त्याच नावाची. आमच्याकडे घरचं नाव जन्मभर चालतं, कागदावरचं लग्नपत्रिकेपुरतं बाहेर निघतं. आता सर्व्हरला हे कोण सांगणार? ओळखीचं नाव दिसलं नाही की तो पत्र आत घ्यायचाच नाही, आणि 'या नावाचं इथं कोणी नाही' असं पाठवणाऱ्याला परस्पर कळवून मोकळा व्हायचा. त्याच्या नोंदी आठ दिवसांनी पुसल्या जायच्या, म्हणून मागचा काही माग लागेना.

ती तडक मॅनेजर नवासकडे गेली. तो म्हणाला, कुट्टन नावाची एक पेटी काढा, झालं. ती म्हणाली, पुढच्या खेपेला ते कुट्टन आशारी लिहितील, नाहीतर थोरला सुतार लिहितील, किती पेट्या काढू? ज्या नावाची पेटीच नाही ते प्रत्येक पत्र माझ्या पेटीत पडू दे.

''चेची, दिवसाला चारशे येतील, सगळा कचरा. वाचणार कोण?''

''मोने, बाळा, एकतीस वर्षं मी खिडकीत काय झोपा काढत होते?''

तिनं सर्व्हरला तशी एक ओळ लिहून दिली आणि पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. ओळखीच्या नावांची पत्रंही तिच्याच पेटीत येऊन पडली. नवासला बायकोनं लिहिलेलं तर सगळ्यात वर. चेचीनं ते न वाचता त्याच्याकडे धाडलं, पण तो दिवसभर तिच्या नजरेला नजर देईना. मग तिनं कारखान्यातलं एकेक नाव आधी लिहून काढलं, प्रत्येकापुढं त्याची त्याची पेटी दाखवली, आणि सगळ्यांत शेवटी 'बाकी सगळे माझ्याकडे' असं घातलं. तेव्हा गाडी रुळावर आली.

रोज सकाळी ती टक्कल घालवायच्या औषधाच्या आणि परदेशी लॉटरीच्या जाहिराती निवडत बसायची. नवव्या दिवशी 'कुट्टनचं घर' या नावानं एक पत्र आलं. असली पेटी कोणाला सुचली असती? जासिमनी लिहिलं होतं: चारदा पत्र धाडलं, चारही वेळा तुमच्या ऑफिसानं कळवलं की कुट्टन आता इथं नाही. फार वाईट वाटलं. असे हात पुन्हा होणे नाही. भाऊ तयार होते, पण त्याच्यावाचून उरू बांधायची इच्छा उरली नाही.

चेची चपला न घालताच धक्क्यावर धावली. कुट्टननं स्वतःच्या दुखवट्याचं पत्र उभ्यानं ऐकलं, मग लाकडाच्या ओंडक्यावर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसला. शिष्यही हसले. पुन्हा वाच म्हणाला. उत्तर काय धाडायचं, असं तिनं विचारलं, तर तुला काय वाटेल ते लिही, म्हणाला. तिनं लिहिलं ते हे:

''कुट्टन जिवंत आहे. आत्ता माझ्या शेजारी चहा पितोय, आणि तुम्ही केलेली त्याची स्तुती मला तिसऱ्यांदा वाचायला लावतोय. भावांना घेऊन लाकूड निवडायला या. आधी कळवा, पत्रावर कुठलंही नाव घाला, मिळेल.''