बाराव्या चौकटीतला मासा

माझ्या मामाला मोकळी जागा बघवत नाही. याला आमच्या घरात कुणी स्वभाव म्हणतं, कुणी रोग. पाटीवर नाव लिहून झालं आणि कोपऱ्यात वीतभर जागा उरली, की त्याचे हात शिवशिवायला लागतात. एका दातांच्या डॉक्टरांच्या पाटीवर, भेटीच्या वेळांखाली, त्यानं पोपट काढला होता. एका गोदामाच्या फाटकावर ‘आत येण्यास सक्त मनाई’ लिहून खाली इतका टवटवीत गुलाब काढला, की लोक थांबून आत डोकवायला लागले. मालकानं जाब विचारला तर हा म्हणतो, “नुसतं डाफरून कोण ऐकतं? जरा गोडीनं घ्यावं.”

चाळीस वर्षं त्यानं गावाच्या पाट्या रंगवल्या, होड्यांचे नंबर टाकले, शाळेचे फळे काळे केले. मग छापील बोर्ड आले. सकाळी सांगितलं की दुपारी हातात. मामाची गिऱ्हाइकं एकेक करत गळाली. तरी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो रोज सगळे ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुचकळायचा, पुसायचा आणि परत डब्यात उभे करायचा. मामी म्हणायची, “न वापरता धुतलेले ब्रश बघायचे असतील तर आमच्याकडे या.” ती हे हसत म्हणायची, पण मला ते ऐकवत नसे.

म्हणून कड्यावरच्या बोर्डाचं काम त्याला मिळालं तेव्हा मला त्याच्याहून जास्त आनंद झाला होता. हा कडा म्हणजे माझी नोकरी. खालचा समुद्र राखीव आहे. तिथे जाळं टाकायचं नाही, नांगर टाकायचा नाही. लोक दोनशे पायऱ्या चढून वर येतात आणि मोठ्या दुर्बिणीतून खाली बघतात. दुर्बीण पुसणं, पोरांना कठड्यावरून खाली उतरवणं आणि कुणाला काय दिसलं ते नोंदवहीत लिहून घेणं, ही माझी कामं. वही दर महिन्याला ऑफिसात जाते.

बोर्ड झकास झाला. बारा चौकटी, प्रत्येकीत एक समुद्री जीव. कासव, डॉल्फिन, पाकट, खेकडा वगैरे मंडळी आणि शेवटी, बाराव्या चौकटीत, हिरव्या पाठीचा नि अंगावर सोनेरी पट्टा असलेला एक देखणा मासा. खाली मामाच्या वळणदार अक्षरात: ‘सोनपट्टा. लाजाळू. नशीबवानालाच दिसतो.’ चार हमालांनी बोर्ड वर नेऊन बसवला. मामा मात्र आला नाही. “माझे गुडघे शिडीसाठी राखून ठेवलेत,” म्हणाला.

त्यानंतर चार महिन्यांत सोनपट्ट्यानं कहर केला. कासव आठवड्यातून एखाद्याला दिसायचं, सोनपट्टा रोज. साहजिकच आहे, दोनशे पायऱ्या चढून ‘मी कमनशिबी’ असं कोण लिहून देईल? एका कुटुंबातले पाचच्या पाच जण नशीबवान निघाले, त्यात कडेवरचं तान्हं बाळही आलं. खोटं कशाला बोलू, एकदा मलाही दिसला. स्वच्छ दिसला, अगदी पट्ट्यासकट.

मग एक दिवस ऑफिसातल्या नव्या संशोधक मॅडम धापा टाकत वर आल्या. वयानं माझ्याहून लहान, हातात माझीच नोंदवही.

“ताई, एकशे त्रेसष्ट नोंदी! आणि माझ्याकडच्या एकाही पुस्तकात हा मासा नाही. बोर्डावर कुणी घेतला?”

“ऑफिसनंच फोटो दिले असतील ना,” मी म्हटलं.

“जुनी फाइल सापडत नाहीये. पण मी वरिष्ठांना कळवलंय. उद्या सकाळी होडी आणि दोन पाणबुडे घेऊन उतरतेय. आठ दिवस. कासवांची मोजणी पुढे ढकलावी लागली, पण काय करणार? नवा मासा आहे हा!”

दुपारी मी धावतच मामाकडे गेले. तो आणि मामी जेवत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि म्हटलं, “मामा, तुझ्या बोर्डामुळे नवा मासा सापडतोय!”

मामाचा घास हातातच राहिला.

“अगं, तो मासा नाहीये.”

“मग काय आहे?”

“रिकामी जागा होती.”

ऑफिसनं चौकटी आखून दिल्या होत्या बारा आणि फोटो पाठवले होते अकरा. बारावा मागाहून पाठवतो म्हणाले. मामानं तीन दिवस वाट बघितली, म्हणजे त्याच्या हिशेबानं तपश्चर्याच केली. चौथ्या दिवशी त्याच्यानं राहवलं नाही.

मामीनं कपाळावर हात मारला. “अहो, मग गुलाब काढायचा होता!”

“समुद्रात गुलाब?” मामा दुखावल्यासारखा म्हणाला.

मला हसू आलं नाही. ऑफिसातले कारकून बोर्ड बसला त्या दिवसापासून म्हणत होते, की छापील लावला असता तर जास्त सुटसुटीत झालं असतं. त्यांना निमित्तच हवं होतं. मामाचा हा एकच मोठा बोर्ड उरला होता आणि तो जाणार, हे मला लख्ख दिसत होतं.

“मामा, तू गप्प बस. आठ दिवस शोधतील, सापडणार नाही, म्हणतील लाजाळू आहे. तूच लिहिलंयस.”

“आणि कासवं?”

“पुढच्या वर्षी मोजतील.”

“ती पोरगी माझ्या थापेपायी पाण्यात उतरणार आणि मी इथे जेवू?” त्यानं ताट सरकवलं. मामाला मी इतकं गंभीर कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दर वीस पायऱ्यांना बसत, गुडघ्यांना शिव्या घालत वर आला. मॅडम कठड्यापाशी उभ्या राहून खालच्या होडीला हात करत होत्या.

“मॅडम, थांबा जरा. सोनपट्टा खाली नाहीये. तो माझ्या शेडमध्ये जन्मला.” आणि त्यानं सगळं सांगून टाकलं.

मॅडमचा चेहरा उतरला. “पण काका, एकशे त्रेसष्ट लोकांनी पाहिलाय.”

“माझ्या भाचीनंसुद्धा,” मामा म्हणाला. मी चपलांकडे बघत राहिले.

“वरिष्ठांना काय सांगू मी आता?”

“माझं नाव सांगा. तुमचा काय दोष?”

त्यांनी वळून बोर्डाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, “बोर्ड उतरवावा लागेल, काका. छापील लावतील.”

मामानं मान डोलावली. “बरोबर आहे,” म्हणाला आणि बोर्डाच्या चौकटीवर बसलेली धूळ बाहीनं पुसायला लागला. ते मला बघवेना. मी दुर्बिणीचं कुलूप काढलं आणि त्याला दंडाला धरून तिथे नेलं. “एवढा चढून आलास तर एकदा बघ तरी.”

तो वाकला. आधी नुसतं पाणी दिसतंय म्हणून कुरकुरला. मग दुर्बिणीला चिकटलाच. इतका वेळ, की मॅडमही जवळ आल्या.

“हे कासव आहे?” त्यानं डोळा न काढता विचारलं.

“हो, तेच.”

“हे हिरवं नाहीये! पाठ मधासारखी आहे, कडेला काळपट, आणि मानेवर केवढ्या घड्या! फोटो हिरवट आला होता, मी आपला हिरवा ठोकळा काढून मोकळा झालो!” तो वळला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. माशाची कबुली देतानाही झाले नव्हते. “चार महिने लोकांना मी हे असलं कासव दाखवतोय? मॅडम, बोर्ड उतरवा, पण त्याआधी मला कासव नीट करू द्या.”

“उतरवायचाच आहे तर नीट कशाला करायचं?”

“म्हणून काय चुकीचं टाकून जाऊ?”

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं आणि इतका वेळ दाबलेलं हसू त्यांना फुटलं. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मग तिथेच माझ्याकडून कागद मागून घेऊन ऑफिसला लिहिलं: ‘चित्रकार स्वतः पाहून बोर्ड दुरुस्त करतील. प्रत्येक चौकट मी तपासेन. तोवर नवा बोर्ड छापू नये.’ होडी आलीच होती, तर त्या तीच घेऊन कासवं मोजायला गेल्या.

आता मामा रोज येतो. बरोबर स्टूल, रंगांचे डबे आणि मामीनं गुडघ्यांसाठी दिलेलं तेल. सोनपट्टा त्यानं पहिल्याच दिवशी खरवडून टाकला. एक गृहस्थ त्यावरून भांडायलाच उठले, गेल्या महिन्यात आपण तो डोळ्यांनी पाहिलाय म्हणून. मामा म्हणाला, “तुम्ही नशीबवान, मला नाही दिसला.” बारावी चौकट पांढरीच आहे. मी तिच्याबद्दल विचारलं तर म्हणतो, “काहीतरी दिसू दे आधी.”

तोवर दुर्बीण त्याच्याच ताब्यात असते. काल एक बाई तासभर रांगेत उभ्या राहून कंटाळून निघाल्या. मी रिवाजाप्रमाणे वही पुढे केली. ‘काय दिसलं?’ या रकान्यात त्यांनी रागारागानं लिहिलं, ‘पेंटरची पाठ.’

मी ती नोंद वाचली, मग समोर बघितलं. पाठ होती. खाली मी सही केली आणि शेजारी लिहिलं, ‘खात्री केली आहे.’