पाहुण्यांच्या पानातली भाकरी

भाकरीचा घास मोडला की आत पिवळट ओल दिसायची आणि कुजक्या हळदीचा कोंदट, आंबूस दर्प थेट नाकात चढायचा... शी! एवढी वर्षं लोटली, तरी भाकरी पुढ्यात आली की मी आधी हुंगून बघते. युद्धाच्या, रेशनच्या त्या दिवसांत सांगलीच्या मुलींच्या वसतिगृहात आम्ही ती भाकरी नाक दाबून गिळायचो, आणि वर अन्नदात्यांचा जयजयकारही करायचो.

अन्नदाते म्हणजे आमचे अध्यक्ष, हळदीचे बडे व्यापारी. शेतकऱ्यांनी मुलींसाठी दिलेला शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, अध्यक्षांच्याच वखारीतून आमच्याकडे यायचा.

भोजनगृहाबाहेरच्या फळ्यावर माझी मैत्रीण गंगू रोज खडूनं आमचं ‘वर्तमानपत्र’ लिहायची. बातम्या मी आणायची. गंगू कवठे महांकाळकडची, हा शाळू पिकायचा त्याच भागातली. एका संध्याकाळी तिनं भाकरी हुंगली नि ताटात टाकली.

“ह्यो आमच्याकडचा शाळू न्हाईच गं. ह्याला हळदीच्या पेवाचा वास हाय.”

मग आमचा शाळू गेला कुठं? रविवारी दोघी वखारीवर गेलो. पुढच्या दारातून टपोरा शाळू गाडीत चढत होता, बाजाराकडं निघाला होता. आणि मागं, हळद साठवायच्या त्या जमिनीखालच्या पेवातून उपसलेलं काळपट, भिजकं धान्य आमच्या वसतिगृहाच्या पोत्यांत भरलं जात होतं. किळस आली ती धान्याची की माणसाची, कोण जाणे!

गंगूनं सगळं फळ्यावर लिहिलं. वसतिगृहाच्या बाईंनी ते तिथल्या तिथं पुसलं. “पुन्हा असलं लिहिलंस तर गाठोडं बांधायचं!” गंगू घरी गेली की तिचं लग्न ठरलेलंच होतं... आणि तिला तर मॅट्रिक व्हायचं होतं.

पुढच्या आठवड्यात अध्यक्षांचा सत्कार झाला. रीतीप्रमाणे ते आमच्याच पंगतीला बसले. बाईंनी त्यांच्यासाठी वेगळ्या पोळ्या केल्या होत्या, पण वाढायला गंगू होती. तिनं आमची भाकरी वाढली.

“आवं, खावा की.”

त्यांनी तुकडा मोडला, नाकापाशी नेला, आणि हळूच पानाच्या कडेखाली सरकवला. साऱ्या पंगतीनं पाहिलं.

दुपारी फळ्यावर एकच ओळ होती — ‘आज अध्यक्षांनी आपल्या वसतिगृहातली भाकरी खाल्ली नाही.’

खोटं म्हणायची कुणाची छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र गंगूचं गाठोडं गावाकडच्या मोटारीच्या टपावर चढलं. तिनं पुन्हा कधी खडू धरला नाही.

त्या भोजनगृहावर आज अध्यक्षांच्या नावाची संगमरवरी पाटी आहे. मी मात्र अजूनही कुणाच्या सत्काराला गेले, की भाषणं कानाआड करते... आणि पाहुणे उठल्यावर त्यांच्या पानात काय उरलंय, ते जाऊन बघते.