नंबर वाटणीत गेला

कोणतीही वस्तू हातात दिली की बाबूजी आधी ती अंगठा आणि बोटात धरून चोळून बघायचे. लग्नाची पत्रिका असो, आधार कार्ड असो, कुणाच्या शाळेचा दाखला असो. मी नवा मोबाइल दाखवला तर त्याच्या काचेवरही त्यांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "माल बरा आहे." कापडाच्या दुकानात जन्म काढलेली माणसं तुम्ही पाहिली असतील, तर यात तुम्हाला काही नवल वाटणार नाही.

जुन्या जालन्यात त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन कामांचं दुकान आहे. दुपारी ते येऊन माझ्या बाकावर बसायचे. काम काहीच नसायचं. समोर गिऱ्हाइकं ताटकळलेली, माझे हात भरलेले, आणि हे शांतपणे म्हणणार, "जल्दी काय आहे?" माझं डोकंच फिरायचं. मी म्हणायचे, बाबूजी, तुम्हाला नसंल जल्दी, मला दुकान चालवायचंय. ते "बराबर" म्हणून मान हलवायचे आणि बसूनच राहायचे.

पूर्वी त्यांचं कापड दुकान दोघा भावांचं होतं. वाटणी झाली तेव्हा बाबूजींनी घर घेतलं आणि धाकट्या भैयाजींनी दुकान. आमच्याकडच्या व्यापाऱ्यांत दुकानाबरोबर दुकानाचा मोबाइल नंबरही जातो. अंबडपर्यंतची गिऱ्हाइकं तोच नंबर लावणार, मग तो घरी ठेवून काय करायचं? बाबूजींनी स्वतः सिम काढून भावाच्या हातावर ठेवलं. इथवर सगळं प्रेमात झालं. पुढे भैयाजींनी वडलांच्या नावाची पाटी उतरवून झगमगत्या दिव्यांची नवी लावली, आणि बाबूजींचं मन जे उडालं ते उडालंच. एकाच गल्लीत राहून बोलणं बंद.

बाबूजींच्या मेलचं खातं त्याच नंबराला जोडलेलं आहे, हे वाटणीच्या वेळी कुणाच्या ध्यानातच आलं नाही. बाबूजींच्या मोबाइलमध्ये मेल कायम उघडा असायचा, त्यामुळे अडलंही नाही. मग एक दिवस तो मोबाइल पाण्याच्या हौदात पडला. नव्या मोबाइलवर मी पासवर्ड टाकला, तर ते म्हणे जुन्या नंबरवर कोड पाठवलाय, तो सांगा.

तुम्ही म्हणाल, एका मेलचं एवढं काय? सांगते. त्यांची बायको, आमची काकी, लग्नातली गाणी म्हणायची. मारवाडी लग्नात बायका नवरीसाठी बन्नीची गाणी म्हणतात, आणि काकी नसली तर या गल्लीतलं लग्न फिकं वाटायचं. आजारी पडल्यावर तिनं नातीच्या लग्नासाठी एक गाणं मोबाइलवर भरून ठेवलं. मीच ते बाबूजींच्या मेलात ठेवून दिलं होतं. काकी गेली. तिचे कपडे, चप्पल, मोबाइल सगळं घरच्यांनी रीतीप्रमाणे देऊन टाकलं, मोबाइल तर रिकामा करून दिला. आता नातीचं लग्न तोंडावर आलं होतं, आणि गाणं त्या एका मेलात अडकलेलं.

मेलच्या कंपनीला मी सगळी माहिती भरून पाठवली. उत्तर आलं की हे खातं तुमचंच आहे याची आम्हाला खात्री पटत नाही. परत भरली, परत तेच. बाबूजी खुर्ची ओढून स्क्रीनकडे बघत बसायचे. मी म्हटलं, बाबूजी, एकच रस्ता उरलाय. भैयाजींना फोन करा, कोड आला की ते वाचून दाखवतील, झालं काम. ते उठले आणि चप्पल घालून निघून गेले.

पुढे काही दिवस आलेच नाहीत. आले ते घरात हळदीची तयारी लागली तेव्हा. बाकावर न बसता उभ्याउभ्याच म्हणाले, "तूच लाव फोन. मी बोलणार न्हाई."

मी लावला आणि मोबाइल स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. भैयाजींना सगळं समजावलं. मी कोड मागवला. भैयाजी एकेक आकडा वाचायला लागले, मध्येच अडले, चुकले, म्हणाले, बारीक दिसून राह्यलंय, चष्मा कुठं गेला कोण जाणे. तेवढ्यात कोडची मुदत संपली.

बाबूजी मोबाइलकडे वाकले. "चष्मा शोध आधी. जल्दी काय आहे?"

इतक्या वर्षांनी भावाशी बोलले ते हे. पलीकडे बराच वेळ नुसती खुडबुड ऐकू येत होती. मग दुसरा कोड आला, भैयाजींनी नीट वाचला, आणि खातं उघडलं. मी गाणं लावलं. काकीचा आवाज थोडा दमलेला होता, पण सूर तोच. फोन चालूच होता, आणि तो ठेवायचं कुणाच्याच मनात आलं नाही. काकी या घरात आली तेव्हा भैयाजी शाळेत जात होते, तिच्याच हातचं खाऊन वाढले. गाणं संपल्यावर ते म्हणाले, "भाभी आहे ना ही?" मला रडू आलं ते मी लपवलंसुद्धा नाही.

लग्नात भैयाजी सगळ्यांच्या आधी हजर होते.

त्यानंतर बाबूजी आठवड्यातून एकदा तरी यायचे, माझ्या कॉम्प्युटरवर मेल बघायचाय म्हणून. दर वेळी कोड, दर वेळी भैयाजींना फोन. आधी कोड, मग गुडघेदुखी, मग सुनांच्या तक्रारी, मग सगळं मारवाडीत, आणि भैयाजींचं दर वाक्याला 'भाईजी', म्हणजे थोरले भाऊ. मेल तसाच राहायचा. एकदा मी म्हटलं, बाबूजी, इथं एक खूण केली की परत कोड मागणार नाही, तुमचा त्रास वाचंल. त्यांनी माझा हातच धरला. "राहू दे," म्हणाले. "मंग त्याला फोन कशाला करू?"

यंदाच्या थंडीत बाबूजी गेले. झोपेतच.

महिनाभरानं भैयाजी माझ्या दुकानात आले. पहिल्यांदाच. बाकावर बसले, खिशातून मोबाइल काढून हातात धरून राहिले. गिऱ्हाइकं गेल्यावर हळूच म्हणाले, "एकदा त्यांचा मेल उघडून बघता का? न्हाई, उघडू नका. नुसता कोड मागवा." मला पासवर्ड पाठ होता. मी कोड मागवला. त्यांच्या हातातला मोबाइल वाजला, पण ते माझ्याकडेच बघत राहिले. म्हणाले, "ते विचारायचे, आला का म्हणून."

मी विचारलं, "आला का?"

"आला, भाईजी," ते म्हणाले, आणि एकेक आकडा वाचायला लागले.