तीस टक्क्यांची बाटली

पार्लरकाकूंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता फारसं कोणी उरलेलं नव्हतं. बिल्डिंगीत त्या पार्लरकाकू, पार्लरमधल्या मुलींच्या ताई, आणि पार्लरच्या मॅडम त्यांना नुसतं "अहो" म्हणायच्या. नवरा होता तेव्हा तोही "अगं" म्हणायचा. एकाच खुर्चीमागे सव्वीस वर्षं उभं राहून त्यांनी किती भुवया कोरल्या याचा हिशेब देवालाच माहीत. भुवया कोरताना दोऱ्याचं एक टोक दातात धरावं लागतं. त्या दोऱ्याने काकूंच्या पुढच्या दाताला खाच पडली होती, आणि दुपारनंतर पोटऱ्यांच्या निळ्या शिरा अशा तटतटून यायच्या की जिन्याच्या दुसऱ्या वळणावर त्या कठडा धरून थांबत. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "किल्ली शोधतेय."

दमणं हा काही आजार नव्हे, त्यामुळे त्याचं औषध कोणी देत नाही. काकू दमलेल्याच उठायच्या आणि दमलेल्याच कामाला लागायच्या. घरी आल्यावर बसल्या तर पुन्हा उठवणार नाही, म्हणून बसायच्याच नाहीत. भाजी निवडायची तीसुद्धा ओट्याशी उभ्या उभ्याच.

आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या एकुलत्या एका मुलाचं लग्न झालं आणि घरात सून आली. पोरगी कामाला वाघ, स्वभावाने सरळ, पण तोंडातून शब्द काढायचा म्हणजे जणू दात उपटायचा. काकूंचा सगळा दिवस बायकांच्या गप्पांत जायचा. कोणाचा नवरा कसा, कोणाची जाऊ कशी, खुर्चीत डोकं मागे टाकलं की बायका सगळं सांगून मोकळ्या होत. अन् घरी यावं तर ही गप्प. काही विचारलं तर "चालेल," "बरं," "ठीक आहे." काकूंना ते लागायचं. सासू म्हणून आपण हिला नको आहोत की काय, असंही मनात येऊन जायचं. तिने आपल्याकडे हक्काने काहीतरी मागावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

आणि एका शनिवारी तिने मागितलं. दातांच्या दवाखान्यात तिला रिसेप्शनवर नोकरी लागली होती, गुरुवारपासून जायचं होतं. तिच्या दोन्ही गालांवर जुन्या पुटकुळ्यांचे तपकिरी डाग होते.

"आई, या डागांना काही करता येईल का?" तिने आरशात बघतच विचारलं. "फोनवर वाचलं, ग्लायकोलिक अ‍ॅसिड चांगलं असतं म्हणे. दुकानात सात टक्क्यांचं मिळतं. आठवड्यातून एकदा लावायचं, म्हणजे दोन-तीन महिन्यांत..."

"दुकानातलं कशाला? तुझी सासू काय मेली आहे?" काकू म्हणाल्या. "आणि गुरुवारी जायचं तर दोन-तीन महिने कुठून आणायचे? मी बघते."

काकूंना इतका आनंद झाला होता की अक्कल जरा बाजूलाच राहिली. पार्लरमध्ये जे ग्लायकोलिक होतं ते तीस टक्क्यांचं. त्याची वेगळी कुलूपबंद पेटी असायची. पेटीत बाटली, ब्रश, मिनिटं मोजायचं छोटं घड्याळ, आणि अ‍ॅसिडचा जोर मारणारं दुसरं पाणी. त्या पेटीला मॅडम आणि काकू सोडून कोणी हात लावायचा नाही असा नियम होता, कारण दिवसभराचं प्रशिक्षण दोघींनीच घेतलं होतं. काकूंनी मॅडमना सांगून बाटली आणि ब्रश पर्समध्ये टाकला. घड्याळ घेतलं नाही, घरात भिंतीवर आहेच की. ते दुसरं पाणीही घेतलं नाही, घरच्या नळाला पाणी येतंच की.

सोमवारी काकूंची सुट्टी असायची. पण त्या सोमवारी एक मुलगी आली नाही आणि मॅडमचा सकाळी आठलाच फोन आला. काकू गेल्या. साडेतीनपर्यंत चौदा जणींच्या भुवया, पाच जणींचं वॅक्सिंग आणि एका आजीबाईंचे केस, असं सगळं उरकून परत आल्या तेव्हा पायांचे नुसते खांब झाले होते.

सुनेने दार उघडलं, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "दमलात तुम्ही. राहू दे आज. नाहीतर नंतरच करू कधीतरी."

"नंतर कधी? लाली उतरायला दोन दिवस तरी हवेत. चल, तोंड धुऊन ये. पुसून कोरडं कर."

खिडकीजवळ खुर्ची ठेवून काकूंनी तिला बसवलं. केस मागे बांधले, ओठांच्या कडांना आणि नाकपुड्यांना व्हॅसलिन लावलं, डोळ्यांवर ओल्या कापसाच्या चकत्या ठेवल्या. मग आयुष्यभराच्या सवयीने बाटलीतला एक थेंब स्वतःच्या डाव्या मनगटावर लावून पाहिला. वॅक्स किती गरम आहे ते त्या तिथेच बघायच्या. दिवसातून दहा-दहा वेळा, सव्वीस वर्षं. तिथली कातडी आता टाचेसारखी झाली होती, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मनगटाला काही म्हणजे काही जाणवलं नाही.

"मवाळच आहे हे," त्या म्हणाल्या आणि ब्रश बुडवला.

कपाळ, नाक, हनुवटी, शेवटी दोन्ही गाल. चार वाजायला दहा कमी होते.

"चुरचुरतंय का?"

"थोडं."

"थोडं चालतं. तीन मिनिटं फक्त."

आणि ज्या बाईला घरात कोणी बसलेलं पाहिलं नव्हतं, ती बाई कपाटाला पाठ टेकून स्टुलावर बसली. तीन मिनिटं उभं राहून काय करायचं, असं त्यांना वाटलं. वर पंखा फिरत होता. पायांतली कळ हळूहळू ओसरायला लागली, आणि ते इतकं बरं वाटलं की काकूंनी डोळे मिटले. नुसते मिटले, झोपायला नव्हे.

शेजारच्या घरात भांडं पडलं तेव्हा त्या दचकून जाग्या झाल्या. घड्याळात चार वाजून एक मिनिट झालं होतं. सून होती तशीच ताठ बसली होती, मांडीवर दोन्ही मुठी आवळून. तिचे गाल लालभडक झाले होते आणि त्या लालीत पांढरट चट्टे उठले होते. दंडाला धरून त्यांनी तिला मोरीत नेलं आणि नळाखाली तोंड धरायला लावलं. दहा मिनिटं, वीस मिनिटं त्या पाणी मारत राहिल्या. पोरीने हूं की चूं केलं नाही. मध्येच एकदा म्हणाली, "गार पाण्याने बरं वाटतंय."

संध्याकाळी मुलगा घरी आला तोवर तिचं तोंड सुजलं होतं. "आई, हे काय?" तो ओरडलाच.

"बाटली जरा कडक निघाली रे," काकू म्हणाल्या.

शब्द तोंडातून निघून गेले. सून खाली मान घालून उभी होती. तिच्या डोळ्यांवर तर कापूस होता, तिला काय कळणार किती वेळ गेला ते, असं काकूंनी स्वतःला समजावलं. त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांना स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी दोघी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. डॉक्टर तरुण होती, काकूंच्या मुलाच्या वयाची असेल.

"किती वेळ ठेवलं होतं?"

"पाच मिनिटं," काकू म्हणाल्या. डॉक्टरने कागदावर पाच लिहिलं. सुनेने खिडकीबाहेर पाहिलं.

"तीस टक्के, तेही घरी? काकू, तुम्ही शिकलेल्या आहात ना हे?" डॉक्टरच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच काकूंना झोंबलं. "घरी पाच ते आठ टक्क्यांच्या वर जायचंच नाही. सुरुवातीला आठवड्यातून एकदा, संध्याकाळी. त्या दिवशी स्क्रब नाही, दोरा नाही, वॅक्स नाही, रेटिनॉलचं क्रीम नाही. सकाळी न चुकता सनस्क्रीन. आग वाढली तर घड्याळाकडे न बघता धुऊन टाकायचं. आणि सगळ्यात आधी, आदल्या दिवशी कानामागे लावून बघायचं. पाहिलं होतं का लावून?"

"हो. इथे." काकूंनी मनगट पुढे केलं.

डॉक्टरने पेनाच्या टोकाने तिथे दाबलं. "लागतंय?" काकूंना काहीच जाणवत नव्हतं. डॉक्टरने आणखी जोरात दाबलं, तरी नाही. "मनगट तुमचं आहे, काकू. लावायचं होतं तिच्या तोंडाला," ती म्हणाली.

यातलं काहीही काकूंना नवीन नव्हतं. प्रशिक्षणाच्या दिवशी त्यांनी हे सगळं वहीत लिहून घेतलं होतं, त्याखाली रेघही ओढली होती. तरी त्या खाली मान घालून ऐकत राहिल्या. डॉक्टरने मलम दिलं, खपल्या ओढायच्या नाहीत म्हणून बजावलं, ऊन टाळायला सांगितलं.

गुरुवारी सून नोकरीवर गेली. दातांच्या दवाखान्यात सगळेच मास्क लावतात, एवढंच काय ते नशीब. पंधरा दिवसांत कातडी सोलवटून नवी आली. जुने डाग पुसट झाले, पण डाव्या गालावर डोळ्याखाली नवा काळपट चट्टा उमटला, कोटाच्या बटणाएवढा. जाईल, पण सहा महिने धरा, वर्षही लागेल, असं डॉक्टर म्हणाली.

त्या पेटीला पुन्हा हात लावणार नाही असं मॅडमना सांगून काकूंनी तिची किल्ली परत केली. बाकी सगळं पूर्वीसारखंच चाललं होतं. मुलगा एकदाच म्हणाला, "बास कर आता ते पार्लर." सून तर गप्पच होती. सकाळी मलम, मग सनस्क्रीन, मग मास्क. कोणा बाईने विचारलं की ती म्हणायची, "औषधाची रिअ‍ॅक्शन आली." काकूंचं नाव तिने एकदाही घेतलं नाही, आणि ते काकूंना खात होतं. एवढी आग होत असताना पोरगी मुकाट बसली, म्हणजे ती आपल्याला किती भीत असेल! घरात सासू म्हणून आपण नेमकं काय होऊन बसलो आहोत? ओट्याशी भाजी चिरताना, खुर्चीमागे उभं असताना, जिन्यात कठडा धरून थांबलेलं असताना त्यांच्या डोक्यात हेच फिरत राहायचं. आधीच दमलेल्या बाईला हे ओझं जड झालं होतं. कोणालातरी खरं सांगून टाकावं आणि मोकळं व्हावं, आणि ते कोणीतरी म्हणजे हीच, हे त्यांना कळत होतं. पण रोज उद्यावर जायचं.

एका रविवारी सकाळी मुलगा गाडी धुवायला खाली गेला होता. सून आरशासमोर बसून गालाला सनस्क्रीन लावत होती. काकू पर्स खांद्याला लावून निघाल्याच होत्या, त्या दारातून परत फिरल्या आणि तिच्या शेजारी पलंगावर बसल्या.

"मी डॉक्टरांशी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "पाच नव्हे, अकरा मिनिटं झाली होती. बाटलीचा दोष नव्हता गं. माझा डोळा लागला होता."

सुनेने बोटाला लागलेलं क्रीम नीट पुसलं. "माहितीये मला," ती म्हणाली.

"माहितीये?"

"तुम्ही घोरत होतात, आई."

"मग उठवलं का नाहीस मला? एवढी भीती वाटते माझी?"

"भीती कसली?" सून त्यांच्याकडे वळली. "लग्न होऊन आल्यापासून तुम्हाला दिवसा बसलेलं कधी पाहिलं नव्हतं मी. झोपलेलं तर नाहीच. म्हटलं, झोपू दे जरा. सोसेल, असं वाटलं. मला तरी काय माहीत किती सोसायचं असतं ते."

काकूंना रडू फुटलं. नवरा गेल्यावरही त्या दुसऱ्याच दिवसापासून माणसांच्या चहापाण्याला उभ्या होत्या. कोणाला वाटलं नव्हतं की हिला झोपू द्यावं. आणि जिला वाटलं, तिचं तोंड भाजलं.

"असं कोणी करतं का, वेडे," त्या कशाबशा म्हणाल्या. "ओरडायचं. लाथ घालायची."

"भाजलं त्याचा नाही राग आला मला," सून म्हणाली. एरवी एका शब्दावर थांबणारी ती आज थांबली नाही. "राग आला तो संध्याकाळी, बाटली कडक निघाली म्हणालात तेव्हा. मला वाटलं, उद्या सांगतील. डॉक्टरकडे सांगतील. रोज वाट बघत होते मी. चौतीस दिवस झाले. माझ्याकडून तुमचं नाव निघू नये म्हणून बाहेर लोकांशी मीही खोटं बोलले."

काकूंनी पदराने डोळे पुसले. "अजून आहे राग?"

"आहे," सून म्हणाली. "जाईल. पण आहे."

पार्लरला उशीर होत होता. पर्समध्ये मॅडमचा फोन वाजायला लागला, वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला. काकू उठल्या नाहीत.