आबांच्या पायातलं घुंगरू

दवाखान्यात चार पावलं नीट टाकली की माणूस धडधाकट, असं मानणारी डॉक्टरकी मी जवळून पाहिली आहे. तिचा राग अजून उतरलेला नाही आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, धुळ्याच्या रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये कामाला होते. सरकी काढणाऱ्या यंत्रांमधल्या चिंचोळ्या वाटेनं कापसाच्या पाट्या वाहायचे. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जळगावच्या डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला, म्हणजे कंपवात. पण आबांचा हात फारसा कापत नसे. त्यांचे पायच मध्येच जमिनीला चिकटत. उंबरठ्याशी आले की पावलं बारीक बारीक होत, आणि मग माणूस खांबासारखा उभा. फिरत्या पट्ट्याशेजारी असं उभं राहणं म्हणजे मरणाला बोलावणं. त्यांना फाटकावर बसायचं काम हवं होतं. त्यासाठी मालकानं नेमलेल्या धुळ्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी लागे.

डॉक्टरांनी त्यांना खोलीत इकडून तिकडे चालवलं. आबा पाटलासारखे चालले. चिठ्ठी मिळाली नाही.

घरी तेच हाल. आई मागे चुलीपाशी असे, आबा पुढच्या खोलीत अडकत आणि हाक मारायची त्यांना लाज. शेवटी आईनं पोळ्याच्या साजातलं बैलाचं एक घुंगरू त्यांच्या घोट्याला बांधलं.

“मी काय बैल शे का?” आबा म्हणाले.

“बैल ते चालस,” आई म्हणाली. बैल निदान चालतो तरी.

आवाज तुटला की ती हातातलं टाकून उठायची. ते पाहून मला सुचलं. मी तेव्हा ज्या संघटनेचं काम करायचो, तिच्याकडे सभेतली भाषणं टेप करायला टेपरेकॉर्डर होता. तो घरात लावून ठेवला. कॅसेटवर सगळं उतरलं: छुम, छुम, मग घाईची बारीक छुमछुम, मग काहीच नाही, आणि मग आईची धावती पावलं. घरातलं चालणं दवाखान्यात नेता येतं, याचा मला केवढा आनंद झाला होता.

आबांना आणि कॅसेट घेऊन पुन्हा धुळ्याला गेलो. डॉक्टरांनी थोडंसं ऐकलं. घुंगरू काय, कुणीही हलवेल, म्हणाले. “आणलंय ना? बांधा इथंच आणि चालवा.”

बांधलं. खोलीत काळ्या-पांढऱ्या फरश्या होत्या. आबा एकेक फरशी ओलांडत गेले आणि घुंगरू ठेक्यात वाजत राहिलं, लग्नातल्या ताशासारखं. कंपाउंडर हसला. आमचाच पुरावा आमच्या अंगावर आला.

परतीच्या एसटीत बसलो, ती अजून सुटायची होती. आबा म्हणाले, “रेघ दिसनी का पाय उठस.”

रेघ दिसली की पाय उचलतो. फरशीच्या रेघा! मी तसाच खाली उतरून परत गेलो, डॉक्टरांना सांगितलं. मग घरात रेघा मारा, म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मारल्या. भिंतींवर घोषणा लिहायचा चुना आणि ब्रश माझ्याकडे होताच. घरात आबा उंबरठा ओलांडू लागले. आईनं दृष्ट काढली. मग मुकादमाच्या पाया पडून जिनिंगमधल्या वाटेवरही रेघा ओढल्या. कामगार चिडवत, आबांसाठी शिडी आडवी टाकली म्हणून. पण सकाळी आबा त्यावरून भराभर गेले.

जिनिंगमध्ये रुई उडते. डोक्यावर बसते, भुवयांवर बसते, जमिनीवरही बसते. दुपारपर्यंत रेघा रुईखाली गेल्या. झाडू मारावा तर यंत्र थांबवावं लागतं, आणि ते कोण थांबवणार? आबा वाटेतच चिकटले. मागून येणाऱ्याला भरल्या पाटीआडून पुढचं दिसत नव्हतं, ते थांबलेत हे कळायला काही मार्ग नव्हता; घुंगरू घालून आत यायला मुकादमानं मनाई केली होती.

तो येऊन धडकला, आबा पडले. खुबा मोडला. तो पुन्हा जुळला नाही.

मालकाच्या डॉक्टरांनी या वेळी चालवून पाहिलं नाही. लगेच चिठ्ठी दिली: यांना बैठं काम द्यावं.

आबांना तेव्हा उठून बसताही येत नव्हतं.