पार्सलीची थंडी

खालच्या मजल्यावरचे शेजारी दर वर्षी गॅलरीत पार्सली लावतात. बियांच्या परदेशी पाकिटावर लिहिलेलं असतं, ‘शेवटचं हिम पडून गेल्यावर पेरा.’

“मुलुंडात कुठलं आलंय हिम!” ते वर बघून हसायचे. “वहिनींची गोधडी उन्हात आली, की माझी थंडी सुरू. मग पेरायचं.”

“आणि भावोजी, नाहीच टाकली गोधडी तर?” माझी बायको वरून विचारायची.

“मग वाट लागली ना!”

ती पावसाळ्यात गेली. परवा ते जिन्यात भेटले, तेव्हा मीच पार्सलीचं विचारलं.

“थंडी कुठे पडलीय अजून?” ते म्हणाले. अंगात मात्र स्वेटर होता.

आज सकाळी मी कपाटातून तिची गोधडी काढली आणि कठड्यावर पसरली. थोड्या वेळाने खालून कुंडीतली माती उकरल्याचा आवाज आला.