दीड सूत मोठं विमान

माझ्या हातचं पहिलं विमान दीड सूत मोठं निघालं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एवढ्यावरून माणूस केवढं नुकसान करून घेऊ शकतो, हे मला म्हातारपणी कळलं.

मी चौथी शिकलेला. (परीक्षा दिली नव्हती, पण वर्गात बसलो होतो.) पुढं सगळं आयुष्य उद्यमनगरात फौंड्रीचे लाकडी पॅटर्न करण्यात गेलं. म्हणजे पंपाचा जो भाग ओतायचा, तो आधी मी सागवानात करायचा, मग त्याचा वाळूत ठसा घेऊन त्यात धातू ओतायचा. माझ्या मापाला नाव ठेवणारा माणूस कोल्हापुरात जन्मला नाही, असं मी आठवड्यातनं एकदा तरी कुणाला तरी सांगतोच.

जयसिंगपूरला माझी अक्का दिलेली. तिचे मालक, म्हणजे आमचे दाजी, हवाई दलात फिटर होते. एकाहत्तरच्या लढाईत बॉम्ब टाकणारी कॅनबेरा विमानं त्यांच्या हाताखालनं गेलेली. आता काचबिंदूनं त्यांचा उजवा डोळा गेला आणि डाव्याचाही फार दिवस भरवसा नाही, असं डॉक्टर म्हणाले. उन्हाळ्यात भेटायला गेलो तर दाजींनी माझा हात धरला.

"नामदेवा, माझं कॅनबेरा लाकडात करून दे. दिसतंय तवर एकदा बघून घेतो."

"तंतोतंत करतो, दाजी."

"तंतोतंत न्हाय केलंस तरी चालंल. लवकर कर."

हे दुसरं वाक्य मी ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण मला उद्देशून आहे असं वाटलं नाही.

सुनेनं मोबाईलवरनं विमानाचा नकाशा शोधून छापून आणला. खऱ्या फुटाला पाव इंच असं प्रमाण धरलं. पंखांची लांबी टोकाला टोक सोळा इंच आली. आता पट्टी घ्यायची. इथं जरा थांबून सांगावं लागेल. ओतलेला धातू थंड होताना आटतो, म्हणून पॅटर्न थोडा मोठा करावा लागतो. त्यासाठी आमची पट्टीच मुळात लांब असते. तिच्यावरचा इंच इतर लोकांच्या इंचापेक्षा अंगानं भरलेला. बिडाला एक पट्टी, अल्युमिनियमला दुसरी. मी विचार केला, विमान कशाचं असतं? अल्युमिनियमचं. मग अल्युमिनियमची पट्टी घेतली. (इतका विचार करणारा माणूस फौंड्रीत दुसरा नव्हता.)

विमान झालं. असं झालं की शेजारचे लोक चप्पल काढून बघायला आले. ठेवायला काचेची पेटी पाहिजे म्हणून बशीरभाईला फोन केला. बशीरभाईचं काचेचं दुकान आमच्याच गल्लीत. त्याला सोळा इंच सांगितलं आणि वर एकच सूत मोकळं ठेवायला लावलं, म्हणजे एसटीत हलायला नको. पेटी न्यायला विमान घेऊनच गेलो. विमान आत जाईना. आडवं घातलं, तिरकं घातलं. शेवटी बशीरभाईनं माझा हात धरला.

"मिस्त्री, काच फुटंल."

"काच आखूड कापलीयस तू."

"आपला टेप बोलतोय सोळा आनि एक सूत. तुमची पट्टी आना की."

पट्टी आणली. त्यानं ती टेपाशेजारी ठेवली आणि चष्मा वर केला.

"ही पट्टी लांब हाय."

"असनारच. अल्युमिनियम आटतंय."

"विमान लाकडाचं हाय न्हवं?"

"व्हय."

"ह्ये तुमी ओतनार हाय का?"

"न्हाय."

"मग आटनार कवा?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती हसली नाहीत, पण त्यांनी एकमेकांकडं बघितलं. मला त्यापेक्षा हसलेलं परवडलं असतं.

बशीरभाई म्हणाला, "दुसरी पेटी देतो करून, सांजच्याला न्या." मी ऐकतोय होय! घरी आलो तर सून म्हणाली, "आबा, दीड सूत कुणाच्या डोळ्याला दिसतंय?"

"मला दिसतंय."

तिनं दाजींना फोन लावून दिला. दाजी पलीकडनं म्हणाले, "अरं, हाय तसं घिऊन ये. मी उद्या दारातच बसतो."

"चुकीचं विमान माझ्या हातनं जानार न्हाय," असं म्हणून मी फोन ठेवला. चुकीचं विमान कुणाला दिसायलाही नको होतं. अंघोळीचा बंब पेटलेला होता. मी दोन्ही पंख गुडघ्यावर मोडले आणि आत सारले.

"अवं, त्ये दाजींचं हाय," आमची मंडळी ओरडली. तोवर शेपटी पण गेली होती.

मग दुसरं विमान. या खेपेला साधी पट्टी घेतली, आणि बशीरभाईच्या टेपाशी ताडून घेतली. पण हात पूर्वीसारखा राहिलेला नाही, कानस घसरते. एक पंख बाद झाला, दुसरा केला. पत्र्याच्या जोडाच्या रेघा कोरल्या. रंगाचा एक हात वाळला की दुसरा. दसरा गेला, दिवाळी गेली. अक्काचा फोन आला की मी सुनेला खूण करायचो, "सांग, रंग वाळतोय."

झालं एकदाचं. पेटीत असं बसलं की जणू पेटीतच उगवलं. मांडीवर घेऊन एसटीनं जयसिंगपूर गाठलं. दाजी दारातच खुर्चीवर बसले होते. मी समोर जाऊन उभा राहिलो, तर ते माझ्या डाव्या बाजूला बघून म्हणाले, "कोन पावनं?"

अक्का हळूच म्हणाली, "नामा, महिना झाला. आता नुसता उजेड कळतोय."

मी पेटी उघडली आणि विमान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी नाकापासनं शेपटीपर्यंत बोटं फिरवली. इंजिनावर बोट बराच वेळ थांबलं. मग त्यांनी अक्काला विचारलं, "रंग कसा दिलाय गं?" अक्का सांगत होती तसं ते मान हलवत होते.

"झकास झालंय, नामदेवा. अन् ते पयलं कुठं हाय?"

"बंबात घातलं, दाजी."

दाजींनी विमान पोटाशी धरलं. मग म्हणाले, "पानी तरी चांगलं तापलं का?"

माझं तोंड गप बसंल तर शपथ.

"तापनारच की दाजी," मी म्हणालो, "एक नंबर सागवान हुतं."